पॉम्पेईची ‘लक्ष्मी’ आणि दख्खनचे दंतकार

तेरला जाणारी बहुतेक माणसे गोरोबाकाकांच्या समाधीसाठी जातात. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे हे गाव वारकऱ्यांना संत गोरा कुंभारांचे म्हणून ठाऊक आहे. दर्शन झाले, त्रिविक्रमाच्या देवळाकडे एक चक्कर झाली आणि तरीही वेळ उरला, तर लोक रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात शिरतात. लामतुरे गावातलेच गृहस्थ. पांढरीच्या टेकाडांतून आणि शेतांतून दर पावसाळ्यात वर येणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या नि केओलीनच्या मूर्ती असा हजारो वस्तूंचा तो ठेवा आहे. त्यात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यापुढे उभे राहिले की कुणीतरी हमखास सांगतो, ‘‘हिची बहीण इटलीत आहे बरं का. ती आपल्या तेरहूनच गेली.’’

हे वाक्य मी गेल्या वीस-बावीस वर्षांत अनेकदा ऐकले. भोकरदनला गेलो तेव्हा तिथल्या एका जाणत्या माणसाने तितक्याच ठामपणे सांगितले, की ती मूर्ती भोकरदनची. मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. एका सरकारी खात्यात अनुरेखक म्हणून नकाशे काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. जुन्या वस्तूंचा नाद लागला तोही रेषेच्या सवयीतूनच. त्यामुळे ‘बहीण’ म्हणजे नेमके काय, नाते कशावरून ठरवायचे आणि ‘आपली’ म्हणायची तर किती, हे तपासून पाहावे असे वाटले. अभिमान चुकीचा नाही, पण तो पुराव्याच्या मापाने बेतलेला असावा. माप सोडून केलेला दावा बाहेरचा अभ्यासक एका वाक्यात खोडतो, आणि त्याबरोबर खरा पुरावाही बाजूला पडतो. मराठवाड्याच्या बाबतीत हे नेहमी घडते.

आधी इटलीतली मूर्ती पाहू. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे नगर राखेखाली गाडले गेले. ऑक्टोबर १९३८ मध्ये अमेदेओ माइउरी या उत्खनन-संचालकाला तिथल्या एका घरात ही मूर्ती मिळाली. पुढे त्या घरालाच ‘भारतीय मूर्तीचे घर’ असे नाव पडले. मूर्ती साधारण चोवीस-पंचवीस सेंटिमीटर उंच, म्हणजे जेमतेम वीतभर. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तीही ‘गुप्त दालना’त. पॉम्पेई आणि आसपास मिळालेल्या शृंगारिक वस्तू सभ्य माणसांच्या नजरेपासून दूर ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ते दालन वेगळे काढण्यात आले. आपल्याकडे जिला देवी म्हणून नमस्कार करायला लोक तयार आहेत, ती तिथे अशा शेजारात उभी आहे. यात राग मानण्यासारखे काही नाही. मात्र या एका मूर्तीकडे दोन टोकांनी पाहिले जाते आणि दोन्ही टोके तिच्या घडवणाऱ्यापासून सारखीच लांब आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

मूर्ती कशी आहे? समोर तोंड करून उभी असलेली स्त्री, पाय एकमेकांत गुंतवलेले, दोन्ही कोपरे दुमडून वर आलेली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही. कमरेला मेखला, गळ्यात हार आणि हातापायांत दागिनेच दागिने. मनगटापासून वर एकावर एक चढवलेल्या बांगड्या आणि घोट्यापासून वर तशीच वाळ्यांची चळत पाहिली, की मराठवाड्यातल्या माणसाला पहिल्यांदा आठवण होते ती तांड्यावरच्या बंजारा बायकांची. (या साम्यावरून कुणी वंशावळ जुळवू नये. दागिन्यांची अशी चळत भारहूत-सांचीच्या शिल्पांतही आहे.) दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, बाहेरच्या बाजूला तोंड करून, हातात प्रसाधनाची पात्रे घेऊन उभ्या आहेत. मागून पाहिले तर पाठीवर रुळणारी केशरचनाही तितक्याच मन लावून कोरलेली. म्हणजे ही भिंतीला टेकवून ठेवायची वस्तू नव्हती. चारी बाजूंनी दिसावी म्हणून केलेली होती.

माइउरींनी १९३८-३९ मध्ये मूर्ती प्रसिद्ध केली ती लक्ष्मीच्या नावाने, आणि ते नाव चिकटले. पुढच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांना ते पटले नाही. हातात कमळ नाही, अभिषेक करणारे गज नाहीत, आणि शेजारच्या दासी देवतेच्या परिवारापेक्षा अंतःपुरातल्या वाटतात. तिला यक्षी म्हणावे, अप्सरा म्हणावे की नुसती शृंगार करणारी सुंदरी, यावर मतभेद आहेत. रोमन व्हीनसशी आणि तिच्या दोन बाजूंच्या सेवकांशीही तिची तुलना झाली आहे. मला विचाराल, तर लक्ष्मी हे नाव नुसते चुकीचे नव्हे, अडचणीचेही ठरले. देवी म्हटले की माणूस हात जोडतो आणि वस्तू उलटून पाहायचे विसरतो. ही मूर्ती मात्र उलटून पाहावी अशीच आहे. तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. देवतेच्या मस्तकातून कुणी सळई घालत नाही.

या भोकामुळेच ती कशाचा तरी भाग होती हे उघड होते. एक जुने मत असे, की ती आरशाची मूठ असावी. धातूच्या गोल आरशाचा दांडा वरच्या भोकात बसवायचा आणि मूर्ती हातात धरायची. एलिझाबेथ ड्यूरिंग कॅस्पर्स या विदुषीने वेगळे मत मांडले: ही छोट्या तिवईचा एक पाय असावी, अशा तीन मूर्ती मिळून वरची फळी तोलत असाव्यात. मी अनुरेखकाच्या सवयीने तिच्या छायाचित्रांवरून रेखाटने केली. मला तिवईचे मत अधिक पटते. मूठ म्हणून धरायची तर दासींची डोकी आणि बाईची कोपरे तळहाताला बोचणार. शिवाय मूठ अशी दोन्ही अंगांनी रुंद करण्याचे कारणही दिसत नाही. पायाला मात्र खाली रुंदी लागते, आणि दोन दासी नेमकी ती पुरवतात.

आता हस्तिदंताविषयी थोडे, कारण या मूर्तीचा आकार आधी सुळ्याने ठरवला आहे आणि मग कारागिराने.

हत्तीचा सुळा म्हणजे त्याचा दातच. कवटीकडच्या भागात तो पोकळ असतो, टोकाकडे भरीव होत जातो आणि बाहेरून बाकदार असतो. म्हणजे कोरायला सलग भरीव गोळा मिळतो तो लांबट, निमुळता आणि मोजक्याच रुंदीचा. हस्तिदंती मूर्ती उंच, अंग चोरून उभ्या आणि हात शरीराजवळ घेतलेल्या का असतात, याचे उत्तर इथे आहे. पॉम्पेईच्या बाईची कोपरे वर जाऊन पुन्हा अंगाशी येतात, दासी तिच्या पायांना बिलगून आहेत. सगळी रचना सुळ्याच्या गोलाईत बसवलेली आहे. दगडाच्या शिल्पात बाई झाडाची फांदी धरायला हात लांबवू शकते. हस्तिदंतात ती चैन नाही.

हस्तिदंताचा दुसरा गुण त्याच्या कणाचा. लाकडाला रेषा असतात, रेषेविरुद्ध छिन्नी गेली की ढलपा उडतो. हाडात बारीक नळ्या असतात, त्यामुळे घासलेल्या हाडावर भिंगाखाली ठिपके नि चिरा दिसतात. हस्तिदंत घट्ट आणि एकजीव असतो. आडव्या छेदात त्याच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, आणि खऱ्या हस्तिदंताची ओळख अजूनही तिच्यावरूनच पटवतात. घासला की त्याला अंगची तुकतुकी येते. बाईच्या मेखलेतला एकेक मणी सुटा दिसावा इतके बारीक काम त्यात करता येते ते यामुळेच. करवत, छिन्नी, कानस, हातभोवरा आणि शेवटी घासून आणलेली झिलई, एवढीच हत्यारे-कौशल्ये. बाकी सगळी नजर.

कोकणात शिंगाचे कोरीव काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराला मी एकदा या मूर्तीची छायाचित्रे दाखवली. त्यांनी चेहरा पाहिला नाही, दागिने पाहिले नाहीत. डोक्यावरचे भोक दाखवणारे चित्र जवळ धरून ते म्हणाले, ‘‘हे आधी मारलेलं असणार. सगळी बाई कोरून झाल्यावर भोक मारायला जाल तर हातातच दोन फाका व्हायच्या.’’ मग बोटाने पायांच्या मधली पोकळी दाखवून म्हणाले, ‘‘आणि हे सगळ्यात शेवटी.’’ वीस वर्षे मी जी पुस्तके वाचत होतो, त्यांत मूर्ती कोणत्या क्रमाने केली असेल हा प्रश्नच कुणी विचारलेला नव्हता. मातीत किंवा मेणात हात सुधारता येतो. कोरण्यात गेलेले परत येत नाही. त्यामुळे कामाचा क्रम हीच अशा कारागिराची खरी विद्या असते, आणि ती लिहून ठेवलेली नसल्याने आधी नाहीशी होते.

सुळ्याचा तुकडासुद्धा वाया जात नसे. मूर्तीतून उरलेल्या भागाच्या फण्या, त्याहून लहान तुकड्यांचे फासे, काजळ घालायच्या शलाका, मणी. सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत हाडाच्या आणि हस्तिदंताच्या अशा चिल्लर वस्तू पुष्कळ मिळतात. मोठी मूर्ती मात्र क्वचित, तीही तुटकी. आपल्या काळ्या जमिनीचा यात वाटा मोठा आहे. पावसात फुगायचे आणि उन्हाळ्यात भेगाळायचे हा तिचा धर्म. त्यात दोन हजार वर्षे पडलेला हस्तिदंत सोलपटे होऊन सुटतो. पॉम्पेईची बाई राखेने झाकली गेली म्हणून राहिली. तिच्या मायदेशात तिच्यासारख्या मूर्ती नव्हत्या असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

आता तेर आणि भोकरदन. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतले व्यापारी मार्गदर्शक पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे मानले जाते. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच बंदराचे सविस्तर वर्णन आहे. भडोचपासून दक्षिणेकडे सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे लेखक सांगतो. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला येत असे: पैठणचा अकीक, तगरचे कापड. भडोचहून जहाजांवर चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे. हे तगर म्हणजे कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक नावे पुढे आली. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवले आणि कझिन्स यांनी लगेच गावाची पाहणी केली. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केले, तर १९६० मध्ये ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी तेरवर एक छोटे पुस्तकच लिहिले. लामतुरे यांच्या संग्रहातली हस्तिदंती बाई जगाला ठाऊक झाली ती याच सुमारास.

भोकरदनची गोष्ट वेगळी. जालना जिल्ह्यातले, केळणा नदीवरचे हे तालुक्याचे गाव. त्याचे जुने नाव भोगवर्धन. हे नाव आपल्याला आधी भेटते ते मराठवाड्याबाहेर, भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवर, दान देणाऱ्यांच्या गावाचे नाव म्हणून. पैठणहून उज्जैन-विदिशेकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे ठाणे होते, तिथली माणसे दोन-अडीचशे कोस लांबच्या स्तूपाला दान देण्याइतकी सधन आणि फिरती होती, एवढे त्यावरून कळते. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा मिळाला. वरचा भाग तुटून गेलेला, खाली स्त्रीचे पाय आणि दोन बाजूंना दोन दासी. पॉम्पेईच्या मूर्तीचा खालचा भाग आणि हा तुकडा शेजारी ठेवले, तर नाते सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. म. के. ढवळीकरांनी तर पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी असे मत मांडले. तोपर्यंत मथुरेचे नाव पुढे होते.

इथवर आपल्या बाजूने सगळे ठीक चालले आहे. अडचण मूर्तीच्या तळाशी आहे.

तिथे एक अक्षर कोरलेले आहे आणि ते खरोष्ठी लिपीतले आहे. दख्खनची लिपी ब्राह्मी. नाणेघाट असो, कार्ले असो की नाशिक, सगळीकडे ब्राह्मी. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे लिहिली जाई आणि तिचे घर वायव्येला, गांधाराकडे. त्यातच अफगाणिस्तानात बेग्राम इथे जोसेफ आणि रिया हॅकिन या फ्रेंच दांपत्याला १९३७ आणि १९३९ मध्ये बंद खोल्यांत हस्तिदंताच्या आणि हाडाच्या कोरीव पट्ट्यांचा नि मूर्तींचा प्रचंड साठा मिळाला. आसने-मंचकांना जडवलेल्या त्या वस्तू. त्यांतल्या स्त्रिया पॉम्पेईच्या बाईच्या जातकुळीतल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींवर खरोष्ठी अक्षरे आहेत. (या ठेव्याचेही नशीब पाहा. हॅकिन दांपत्य १९४१ मध्ये जहाजावरच्या हल्ल्यात मरण पावले. नव्वदच्या दशकातल्या यादवीत काबूलचे संग्रहालय लुटले गेले. लुटीतल्या काही हस्तिदंती वस्तू २०१२ मध्ये लंडनहून काबूलला परत गेल्या.) तेव्हा मूर्ती वायव्येकडची, असे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. मराठवाड्यातल्या व्याख्यानांत हे अक्षर सहसा गाळले जाते. मला ते योग्य वाटत नाही.

पण ते अक्षर आहे कशाचे? नाव नव्हे, दानलेख नव्हे, मंत्रही नव्हे. एकटे अक्षर, तेही तळाला, वस्तू उभी केली की दिसणार नाही अशा जागी. बेग्रामच्या तुकड्यांवरची अक्षरे जोडणीच्या खुणा आहेत असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे: कोणता तुकडा कुठे बसवायचा ते कळावे म्हणून. जुने वाडे उतरवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे चटकन समजेल. खांबाच्या माथ्यावर आणि त्यावर बसणाऱ्या तुळईच्या पोटाला सुतार एकच खूण करून ठेवतो. ती खूण लाकूड कुठल्या रानातले हे सांगत नाही, नक्षी कुणी कोरली हेही सांगत नाही. जोडणाऱ्याच्या हाताला कोणती अक्षरे सवयीची होती, एवढेच सांगते. पॉम्पेईच्या मूर्तीवरचे अक्षर जोडणीची खूण असेल, तर त्याने जोडणारा ठरतो, कोरणारा नाही.

आणि खरोष्ठी जाणणारा जोडारी शोधायला काबूलपर्यंत जावे लागते का? माझा तर्क इथून सुरू होतो, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. पेरिप्लसच्या काळात भडोचवर ज्या राजाची सत्ता होती, त्याचे नाव ग्रीक लेखकाने मांबानोस असे काहीसे दिले आहे. तो म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान, असे बहुतेक विद्वान मानतात. नहपानाचे राज्य भडोचपासून नाशिक-जुन्नर-कार्ल्यापर्यंत पसरलेले होते. त्याचा जावई उषवदात याचे नाशिकच्या लेण्यातले लेख वाचा: भडोच, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे आपण धर्मशाळा बांधल्याचे तो सांगतो. वाट एका सत्तेखाली होती. आणि नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर तीन लिप्या आहेत: ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला होता. म्हणजे खरोष्ठी अक्षरे खोदणारे हात या राजाच्या पदरी होते, आणि ती नाणी गोदावरीच्या काठापर्यंत खेळत होती. तेर-पैठणचा माल याच राजाच्या भडोचला जाई. कल्याण बंदराला चुकून लागलेली ग्रीक जहाजेसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. तेव्हा दख्खनमध्ये कोरलेला पाय भडोचला आला आणि वायव्येकडच्या वळणाच्या एखाद्या कारागिराने किंवा व्यापाऱ्याच्या माणसाने तिथे तिवई जुळवताना त्यावर खूण केली, असे मानायला काही हरकत दिसत नाही.

याला आक्षेप आहेत. नहपानाचा काळ पूर्वी बरेच जण दुसऱ्या शतकात ओढत. तसे असेल तर ७९ साली गाडल्या गेलेल्या मूर्तीशी त्याचा मेळ बसत नाही. पेरिप्लसमधल्या उल्लेखामुळे अलीकडे कल पहिल्या शतकाकडे आहे, आणि माझा तर्क त्यावर उभा आहे. दुसरा आक्षेप शैलीचा. बेग्राम, मथुरा, विदिशा, भोकरदन, तेर या सगळ्या ठिकाणच्या हस्तिदंती स्त्रिया एकमेकींसारख्या असतील, तर साम्यावरून गाव ठरवायचे कसे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ‘तेरहूनच गेली’ किंवा ‘भोकरदनचीच’ हे वाक्य मी बोलत नाही. मी एवढेच म्हणेन, की पहिल्या शतकात दख्खनमध्ये या नमुन्याची मूर्ती कोरणारे हात होते. याला तेर आणि भोकरदन असे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. नमुना एका गावाचा नव्हता, तो धंद्याचा होता. दंतकार, सुळे विकणारे आणि शेठ एकाच वाटेवर होते आणि त्यांच्याबरोबर घडणीचे वळणही फिरत होते.

या फिरण्याचा एक सुंदर पुरावा सांचीला आहे. मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणाच्या एका खांबावर लेख आहे, की इथले कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केले. हस्तिदंत कोरणारे लोक दगडाकडे वळले होते, आणि ते त्यांनी अभिमानाने नोंदवले. सांचीच्या तोरणांवर इंच न इंच भरलेली माणसांची दाटी पाहिली, की वीतभर सुळ्यावर सवय झालेली नजर ओळखू येते. त्याच दक्षिण तोरणाच्या तुळईवर दुसरा लेख आहे तो राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुख्याचा, वासिष्ठीपुत्र आनंदाचा. विदिशेचे दंतकार, सातवाहनांचा कारागीर-प्रमुख आणि त्याच स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांची नावे. हे लोक एकमेकांना ओळखत होते असे मी म्हणत नाही, पण एकाच मांडवाखाली येऊन गेले होते हे दगडावर लिहिलेले आहे.

रोमला सुळे हवे होते. वडील प्लिनी लिहितो, की भरपूर सुळे आता भारताखेरीज क्वचितच मिळतात. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो ही प्रसिद्ध तक्रारही त्याचीच, आणि तो मेला तो याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात. पण जहाजांवर जाई तो मुख्यतः कच्चा हस्तिदंत. दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर मुझिरिसहून निघालेल्या जहाजाच्या मालाचा हिशेब आहे, त्यातही सुळे आणि सुळ्यांचे तुकडे आहेत. कोरून तयार झालेली मूर्ती गेली तर एखाद्या शौकिनासाठी. उलट दिशेनेही असेच. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन जगातून आलेली पॉसिडॉनची छोटी ब्राँझमूर्ती आणि आरसे मिळाले, ते तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. पॉम्पेईत आपली बाई जशी नवलाई म्हणून ठेवली असेल, तसाच कोल्हापुरात तो समुद्रदेव. त्यालाही इथे कुणी वेगळ्या नावाने हाक मारली असेल.

या किनाऱ्यावरून हस्तिदंती मूर्ती पुन्हा युरोपात गेल्या त्या दीड हजार वर्षांनी, गोव्याहून. डोळे मिटून बसलेला बाल येशू, मेंढपाळाच्या वेशात, खाली मेंढ्यांची उतरंड. ग्राहक पोर्तुगीज, सुळे बहुधा मोझांबिकचे, आणि कोरणारा हात इथला. ध्यानस्थ बुद्धाची बैठक त्या पोराला कुणी दिली ते निराळे सांगायला नको. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आज हा धंदा आपल्याकडे संपलेला आहे, आणि संपायलाच हवा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या हस्तिदंताचा व्यापार थांबला, १९९१ मध्ये आफ्रिकेतून आणलेल्याचाही. एका वीतभर बाईमागे एक हत्ती उभा असतो हे विसरून चालत नाही. जे उरले ते चंदनावर, शिंगावर, हाडावर, आणि तेही कमी होत चालले आहे. माझ्या ओळखीच्या त्या शिंगकाम करणाऱ्या आजोबांची मुले दुसऱ्या व्यवसायात आहेत. भोक आधी की नक्षी आधी, हे विचारायला आणखी दहा वर्षांनी कुणाकडे जायचे, हा प्रश्न मला मूर्तीच्या मालकीपेक्षा जास्त छळतो. तेर, भोकरदन आणि नेपल्स इथल्या तिन्ही वस्तूंवर हत्यारांच्या खुणा असतील. त्या भिंगाखाली एकत्र वाचायच्या, तर वाचणाऱ्याच्या शेजारी एक कोरणारा माणूस बसलेला हवा.

आणखी एक गोष्ट. ड्यूरिंग कॅस्पर्स यांचे म्हणणे खरे असेल आणि ती तिवई असेल, तर तळावरच्या त्या एका अक्षराला अर्थ येतो. एकच पाय असता तर खूण कशाला करावी लागली असती? याच उंचीच्या, अशाच दोन दासींना घेऊन उभ्या असलेल्या आणखी दोघी होत्या, वरच्या फळीचा भार तिघींवर होता, आणि कुणाची जागा कोणती हे कळावे म्हणून तळाला अक्षरे होती. पॉम्पेईच्या त्या घरात राखेखाली मिळाली ती मात्र एकटीच.